भरल्या गाडीला वाट

आता जे सांगणार आहे ते तुम्ही खरं मानणार नाही, आणि मानूही नये. माझं ऐकून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. पण छबुबाईच्या ओल्या कुरडया गोळा होईपर्यंत एक विमान आभाळात घिरट्या घालत थांबलं होतं. तीन घिरट्या. छबुबाई माझी बायको, आणि कुरडया गव्हाच्या, तीन दिवस भिजवून चीक काढलेल्या. सिरसाळ्याच्या पुढं माळावर एका साखर कारखान्यानं आपल्या संचालकांसाठी धावपट्टी केली होती, आणि तिचा राखणदार मी, राधाकिशन. कागदावर चौकीदार, पण आमच्याकडं विमानाला इमान म्हणतात, म्हणून गावात मी इमानवाला. पोरं मागून ओरडायची, "इमानवाल्या, तुझ्यात किती हाय बे इमान?" चैत्राच्या उन्हात ती काळी पट्टी अशी तापायची की अख्ख्या गावात वाळवणाला तशी जागा नव्हती. विमान यायचं महिन्यातून एकदा, न सांगता. त्या दिवशी आलं तेव्हा पट्टीच्या मधोमध छबुबाईची चार लुगडी अंथरलेली, त्यावर पांढरीशुभ्र कुरडयांची चाकं. मी लाल दिवा वर धरला. खालून लाल दिवा दाखवला की वरच्यानं समजायचं : दुसऱ्याला वाट दे, फिरत राहा. त्यानं दिली. कॅप्टन विजयसिंह उतरला, घाम पुसत म्हणाला, "दुसरं विमान कुठंय?" मी लुगड्यांकडं बोट केलं. ह्यात खोटं असेल तर माझ्या जिभेला फोड येवो. आला तर तो कुरडईचा असेल, त्यानं आणि मी गरमागरम तळून खाल्ल्या होत्या.

हे मला परवा आठवायचं कारण बोळात झालं. बीडात आम्ही राहतो तो बोळ इतका अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंत व्हावं लागतं. आम्ही म्हणजे मी आणि माझी सून सुनिता. छबुबाईला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि पोराला, अभिमन्यूला, जाऊन हे चौथं. सकाळची वेळ. मी नेहमीसारखा हात मागं बांधून, काहीच कामाला न निघालेला. समोरून सुनिता. खांद्यावर पाण्याचा वीस लिटरचा जार, दुसऱ्या हातात दळणाचा डबा, डब्याच्या कडीनं बोटं पांढरी पडलेली. मला बघताच ती भिंतीला चिकटली. जार सावरला, डबा पोटाशी घेतला, पाठ शेवाळाला लागली. "जावा मामा," म्हणाली. आणि मी गेलो. गेलो म्हणजे अगदी आरामात, वर तिला "सावकाश गं" असंही म्हणालो. बोळाच्या तोंडाशी आलो आणि पायात काहीतरी अडकल्यासारखा थांबलो. मागं वळून पाहिलं तर ती अजून भिंतीपासून सुटी होत होती. जार आधी, मग डबा, मग ती.

एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. आमच्याकडं उसाच्या दिवसांत रस्त्यानं बैलगाड्यांची रांग लागते, आणि अडाण्यातल्या अडाण्याला एक नियम ठाऊक असतो : भरल्या गाडीला वाट. रिकाम्यानं बाजूला घ्यायचं, चाक मातीत गेलं तरी चालेल. भरली गाडी एकदा थांबली की बैलांना पुन्हा जोर धरायला जीव द्यावा लागतो. आणि इथं भरल्या गाडीनं रिकामीला वाट दिली, आणि रिकामी घुंगरू वाजवत निघून गेली. वाटलं, हे काही आजचं नाही. चार वर्षं ती अशीच भिंतीला लागून उभी आहे, आणि मी जातोय. शिलाई मशीनवर साड्यांना फॉल लावते तेव्हा दिव्याचा उजेड माझ्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून मशीन फिरवून बसते. माझी चहाची कपबशी आधी. माझं अंघोळीचं पाणी आधी. मी ह्या सगळ्याला तिचा चांगुलपणा म्हणत होतो. चांगुलपणा म्हटलं की आपल्याला काही करावं लागत नाही.

एकदा वारं फार होतं म्हणून विजयसिंहाचं विमान दिवसभर पट्टीवरच बसून राहिलं. छबुबाईनं चहा दिला. वेळ जाईना म्हणून त्यानं माझी परीक्षा घ्यायला सुरुवात केली. "राधाकिशन, दोन विमानं एकाच उंचीवर आडवी येताहेत. वाट कुणाची?" मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "भरल्याची." तो इतका हसला की चहा त्याच्या कडक इस्त्रीवर सांडला. छबुबाई आतून म्हणाली, "बरोबर तर सांगायलेत की, हासायला काय झालं?" मग त्यानं मला नियम सांगितले, आणि सांगता सांगता तोच गंभीर झाला. आडवी आली तर जो उजव्या हाताला असेल त्याची वाट. माणसं नेणारा गरम हवेचा फुगा आला तर सगळ्यांनी फुग्याला वाट द्यायची, कारण बिचाऱ्याला आपल्या मनानं वळता येत नाही. फुग्यानंतर बिनइंजिनाचं. उतरताना दोघं असतील तर खालच्याचा हक्क आधी, पण खाली आहे म्हणून त्यानं दुसऱ्याच्या पुढं घुसायचं नाही. आणि सगळ्यांच्या आधी, फुग्याच्याही आधी, जो अडचणीत आहे तो. "पण अडचणीत आहे हे त्यानं बोलावं लागतं," विजयसिंह म्हणाला. "नुसतं बघून कळत नाही. वर सगळेच चमकतात." मी आयुष्यभर लोकांना काय काय सांगत आलो, पण हे वाक्य मी कुणाला सांगितलं नाही. ते मला खरं वाटलं होतं.

एक नियम मात्र मी सांगितला होता. अभिमन्यू तेव्हा सहा-सात वर्षांचा, मला दादा म्हणायचा. संध्याकाळी पट्टी थंड झाली की आम्ही दोघं विमानं व्हायचो. तो पट्टीच्या त्या टोकाला, मी ह्या टोकाला. दोघांनी हात पसरायचे, तोंडानं घरघर काढायची, आणि एकमेकांवर धावत यायचं. अगदी नाकाला नाक लागायच्या आत मी ओरडायचो, "समोरून आलं की?" तो ओरडायचा, "उजवीकडं!" आणि दोघंही आपापल्या उजवीकडं वळायचो, त्याच्या पसरलेल्या हाताचा वारा माझ्या कमरेला लागायचा. किती संध्याकाळी. छबुबाई पट्टीच्या कडेच्या आमच्या खोलीच्या दारात उभी राहून म्हणायची, बाप कोणता आन् लेक कोणता ते सांगावं कुणीतरी. तो वारा अजून लागतो. पायरीवर बसलो असताना लागला, आणि त्याच्या मागोमाग ते दुसरं आलं, जे नेहमी येतं. माजलगाव रस्ता, समोरून ट्रॅक्टर, ट्रॅक्टरला एकच दिवा. पंचनाम्यात लिहिलं आहे : मोटारसायकल उजव्या अंगाला गेली. आभाळात उजवीकडं, रस्त्यावर डावीकडं. मी लेकराला आभाळातलं शिकवलं आणि चालायला रस्ता दिला. हे मी कुणापाशी बोललो नाही. पंचनाम्याची घडी माझ्या ट्रंकेत आहे, आणि मी ज्या गोष्टी रंगवून सांगतो त्या सगळ्या त्या घडीवर टाकलेल्या गोधड्या आहेत. तीन घिरट्या म्हणालो ना मघा? पाच होत्या.

मागच्या महिन्यात सुनितानं ड्रोनची परीक्षा दिली. आता उसावर औषध फवारायला ड्रोन येतं, आणि ते उडवायला बायका शिकतात. सात दिवस ती सकाळच्या एसटीनं जायची, दिवेलागणीला परतायची. कुठं जातेस विचारलं तर म्हणायची, "हाय तिकडं एक माळ." तिच्या ओढणीला, सलवारीला कुसळं चिकटलेली असायची, आणि ती उंबऱ्यात बसून एकेक काढायची. घरी मी तिचा मास्तर. तिच्या हातात फाटकी झेरॉक्स, माझ्या हातातही तीच. मी विचारायचो, ती उत्तर द्यायची. "ड्रोन उडवतेस आन् वरून हेलिकॉप्टर आलं तर?" "तर आपण खाली उतरायचं. माणूस बसलेलं काहीबी आलं तर वाट त्याची. ड्रोन सगळ्यांत शेवटी." हे तिला पाठ करावं लागलंच नाही. फुग्याचं ती चुकायची. अडचणीतल्याचं पण एकदा चुकली, म्हणाली, "अडचणीतल्यानं बाजूला व्हायचं." मी म्हणालो, "अगं उलटं." ती म्हणाली, "हो का?" आणि पेन्सिलनं खूण केली. समोरासमोरचा सवाल त्या पानावर चौथा होता. मी दर वेळी तिसऱ्यावरून पाचव्यावर जायचो. जीभ पुढं रेटायची, मी बोट ठेवून पान उलटायचो. ती पास झाली. पेढे तिनं बोळातल्या सगळ्यांना दिले, आणि शेवटचा माझ्या हातावर ठेवून पाया पडली.

मग माजलगावच्या एका शेतकरी कंपनीचं पत्र आलं. तिनं मला दाखवलं नाही. मशीनच्या खणात, दोऱ्याच्या रिळांखाली ठेवलं. मी लबाड माणूस, खणात हात घातल्याशिवाय मला चैन पडत नाही. सोमवारी हजर व्हावं. राहण्याची सोय स्वतःची. आणि बुधवारी ती मैत्रिणीशी फोनवर बोलत होती, मोरीत नळ सोडून, मला ऐकू जाऊ नये म्हणून. "मामांना टाकून कशी येऊ? ते बीड सोडायचे न्हाईत. हे पुण्याला न्यायलते तवाच म्हणले, मी हितनं मेल्यावर हालन." खरंच म्हणालो होतो. छबुबाई नुकतीच गेलेली, अभिमन्यू पुण्याला चला म्हणत होता, आणि मी त्या बोळाच्या भिंतीला धरून असं काही बोललो की पोरानं विषय काढणं सोडलं. ते वाक्य मी कधी मागं घेतलं नाही. कुणी विचारलंच नाही. म्हाताऱ्याचं बोलणं लोक दगडावरची रेघ समजतात, आणि म्हाताऱ्यालाही मग रेघेसारखं पडून राहावं लागतं. आता मी कसं म्हणू, मलाही ने? तिचं वय चौतीस. माजलगावला नवी खोली, नवी माणसं, गळ्यात त्या यंत्राचा पट्टा, आणि मागं एक फुगा बांधलेला, ज्याला आपल्या मनानं वळता येत नाही.

म्हणजे शुक्रवारी सकाळी त्या पायरीवर माझ्यापुढं गोष्ट अशी होती : तीन दिवसांत तिला वाट मोकळी करून द्यायची, आणि मी दिली असं तिला कळू द्यायचं नाही. कळलं तर ती पुन्हा भिंतीला लागेल. दुसरा माणूस असता तर सरळ बोलला असता. मला सरळ बोलण्याची सवय नाही, सरळ बोलायला गेलो की मलाच खोटं वाटतं. मी उठलो आणि बसस्टँडवर गेलो. सिरसाळ्याची गाडी लागली होती, चढलो. कंडक्टर म्हणाला, "चला बाबा, कुठं जायचं?" मी म्हणालो, "पट्टीवर." तो म्हणाला, "कसली पट्टी?" मी उतरलो. खरं सांगायचं तर पट्टी बंद झाल्यापासून बारा वर्षं मी तिकडं फिरकलेलो नाही. एसटी मागं घेताना कंडक्टर शिट्टी मारतो, दोन आखूड, एक लांब, आणि ड्रायव्हर त्याच्यावर विश्वास ठेवून न बघता मागं येतो; हे बघत मी चार वाजेपर्यंत बाकावर बसलो. बसल्या बसल्या पट्टी पुन्हा बांधली. गवत काढलं. खोलीला चुना दिला. खांबावर बाही चढवली. वाऱ्याची दिशा दाखवायला खांबावर कापडाची पिशवी असते ना, आमच्या गावात तिला बाही म्हणायचे, कुण्या राक्षसाच्या सदऱ्याची असल्यासारखी. पहिली फाटली तेव्हा छबुबाईनंच दुसरी शिवली होती, जुन्या लुगड्याची, आणि विजयसिंह म्हणाला होता, हिंदुस्थानात अशी काठाची बाही दुसरीकडं नाही. सात घिरट्या त्यानं त्या बाहीवरून घातल्या होत्या.

घरी आलो तेव्हा सुनिता भाकरी थापत होती. मी हातपाय धुतले, पाटावर बसलो, आणि भाकरीचा पहिला तुकडा मोडायच्या आत म्हणालो, "मला परत बोलावलंय."

"कुणी?"

"पट्टी चालू व्हायलीय. नवे मालक आलेत. म्हणले, जुना माणूस पायजे, नियम माहिती असलेला. खोली देणार, दोन वक्ताचं जेवण. सोमवारपासून."

तव्यावरची भाकरी फुगली. तिनं ती उलटली. "सोमवारपासून," ती म्हणाली.

"मंग काय. आता मी थोडाच न्हाई म्हणणार? तुझं तू बघ बाई. माझी काळजी करू नगंस."

"कावून करू," ती म्हणाली. "तुमी जाऊन आलात?"

"आजच गेलतो. सकाळच्या गाडीनं." आता माझ्या अंगात वारं भरलं. मी तिला चुना दिलेली खोली सांगितली. गुळगुळीत पट्टी सांगितली, भाकरी थापावी तशी. मालकानं खुर्ची दिली, चहा दिला. एक छोटं विमान उतरलंसुद्धा, मीच हिरवा दिवा दाखवला, हात जरासुद्धा कापला नाही. सांगता सांगता मलाच ते सगळं दिसत होतं, आणि मी किती सुखी होतो म्हणून सांगू.

"बाही हाय का?" तिनं विचारलं.

"हाय म्हंजे? नवीकोरी. भगव्या-पांढऱ्या पट्ट्यांची. वारं भरून अशी ताठ, मावळतीकडं तोंड करून."

सुनितानं तवा उतरवला. हात पुसले. माझ्यासमोर येऊन बसली, ताटाच्या पलीकडं, आणि पहिल्यांदाच माझ्या नजरेला नजर देऊन बसली.

"मामा, त्या खांबाला बाही न्हाई. माझी निळी वढणी हाय. वारं कुणीकडचं हाय ते कळंना म्हणून दुसऱ्या दिवशी मीच बांधली. सात दिस तिथंच शिकले मी. तुम्हाला सांगितलं न्हाई, कारण पट्टीवर ही एवढी पांढरी फुली मारलीय. हितं उतरू नका म्हणून. तुम्हाला बघवली नसती. खोलीला दारबी न्हाई, मामा."

मला कुसळं आठवली. माझ्याच माळाची कुसळं सात दिवस माझ्या उंबऱ्यात पडत होती, आणि मी त्यांना ओळखलं नाही.

"मंग तू जाणार न्हाईस," मी म्हणालो.

"खणातलं पत्र तुमी वाचलं, रिळं हाललेली दिसली मला. तुमी बीड सोडणार न्हाई म्हणून मी थांबले. मी तुम्हाला सोडणार न्हाई म्हणून तुमी पट्टी बांधायलात. दोघं समोरासमोर उभे हाव." तिनं ताटातली भाकरी मोडून माझ्याकडं सरकवली. "समोरासमोर आल्यावर काय करायचं, मामा? चौथा सवाल. तुमी एकदाबी विचारला न्हाई. दर डाव बोट ठिवून पान उलटायचात."

घास माझ्या हातात होता. पट्टीच्या त्या टोकाला हात पसरून कुणीतरी उभं होतं, घरघर ऐकू येत होती. "उजवीकडं," मी म्हणालो. ते माझ्या तोंडून चार वर्षांनी बाहेर पडलं, आणि आपण तेवढ्यात मरू असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

"दोघांनीबी," सुनिता म्हणाली. "एकट्यानं वळून भागत न्हाई. माजलगावला खोली बघितलीय मी, रुक्मिणीबाईच्या घरात. खाली हाय, जिना न्हाई. खिडकीतनं ऊस दिसतो. तुमी येणार हाव. फवारताना मला वारं सांगायला माणूस पायजे."

"सुनिता," मी म्हणालो, "अभिमन्यूला मी…"

"माहिती हाय." तिचा हात माझ्या मनगटावर आला, पिठाचा, गरम. "लगीन झालं त्या वर्षीच यांनी मला सांगितलंतं. म्हणले, 'आमचे दादा लई लबाड. म्हणायचे, समोरून आलं की उजवीकडं. ते खरं मानून मी शाळंत मास्तरला तसंच सांगितलं आन् छडी खाल्ली, तवापासून रस्त्यावर डावं आन् दादाच्या आभाळात उजवं.' सांगताना किती हासले माहिती हाय का. त्या दिशी रस्त्यावर काय झालं ते मला माहिती न्हाई, ट्रॅक्टरवाल्यालाबी न्हाई. पण ते तुमच्यापायी न्हाई झालं. तुमचं लबाड त्यांना कळत व्हतं, मामा. आन् मलाबी कळतं."